फिट येणाऱ्या मेंदूचा फोटो आणि होमी भाभांचा पॉझिट्रॉन

जळगाव किंवा धुळ्यातल्या मेंदूविकारतज्ज्ञांच्या दवाखान्यातून बाहेर पडणाऱ्या काही घरांच्या हातात एक चिठ्ठी असते. लेकीला किंवा लेकाला वर्षानुवर्षे फिट येत असतात. एक गोळी झाली, दुसरी झाली, तिसरी जोडली, तरी झटके थांबत नाहीत. एमआरआय काढला तर त्यात ठळक असे काही सापडत नाही. तोवर घरात कांदा हुंगवून, चप्पल हुंगवून झालेले असते, एखाद्या बाबाकडे जाऊन दोरा बांधून झालेला असतो. या कशाचाच फिटशी संबंध नाही. आता चिठ्ठीवर पुढची तपासणी लिहिलेली असते : मेंदूचे पेट स्कॅन. मग रात्रीची गाडी आणि सकाळी मुंबई.

हा ‘पेट’ म्हणजे हिंदीतले पोट नव्हे, हे आधी सांगितलेले बरे. कारण पोटाची तपासणी कशाला, असा प्रश्न खान्देशात खरोखर पडू शकतो. पूर्ण नाव पॉझिट्रॉन एमिशन टोमोग्राफी. या नावातला पहिला शब्द ज्या कणाचा आहे, त्या कणाचे गणित १९३५ मध्ये केंब्रिजमध्ये बसून एका पंचविशीतल्या मुंबईकराने मांडले होते. त्याचे नाव होमी जहांगीर भाभा. पुढे भारतातले पहिले पेट स्कॅन यंत्र ज्या संस्थेत आले, ती परळची संस्थाही भाभांच्याच अणुऊर्जा खात्याने उभी केलेली. भाभांना आपण अणुभट्टी आणि अणुबॉम्बच्या चर्चेतून ओळखतो, अलीकडे ‘रॉकेट बॉइज’ मालिकेतून ओळखतो. त्या मालिकेत रंजनासाठी बरेच काही मिसळले आहे. इथे त्यांचे आयुष्य दवाखान्याच्या बाजूने पाहू.

आत्याचा आजार

होमी भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ चा, मुंबईच्या सधन पारशी घरातला. वडील जहांगीर बॅरिस्टर आणि टाटांच्या उद्योगांशी जोडलेले. आजोबा म्हैसूर संस्थानात शिक्षण खात्याचे प्रमुख अधिकारी होते. वडिलांची बहीण मेहेरबाई ही जमशेटजी टाटांचे थोरले चिरंजीव दोराबजी यांची पत्नी. म्हणजे लेडी मेहेरबाई टाटा या होमीच्या सख्ख्या आत्या. घरात पुस्तके, चित्रे आणि पाश्चात्त्य संगीताच्या रेकॉर्डचा मोठा संग्रह. मुलाला लहानपणापासून चित्रकलेची आणि बीथोवनची गोडी लागली, ती शेवटपर्यंत टिकली.

मेहेरबाई १९३१ मध्ये वेल्समधल्या एका शुश्रूषागृहात रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. होमी तेव्हा केंब्रिजला शिकत होता. दोराबजींनी पत्नीच्या नावाने रक्ताच्या कर्करोगावरील संशोधनासाठी न्यास केला आणि पुढच्याच वर्षी, १९३२ मध्ये, तेही गेले. त्यांच्या न्यासाच्या पैशातून परळला कर्करोगाचे रुग्णालय उभे राहिले. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालेले ते टाटा मेमोरियल. हे रुग्णालय आणि भाभा पुढे पुन्हा एकत्र येतात, म्हणून ही घरगुती हकिगत लक्षात ठेवायची.

इंजिनीअर व्हायला गेला आणि…

कॅथेड्रल शाळा, एल्फिन्स्टन कॉलेज, रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स असा मुंबईतला प्रवास करून होमी १९२७ मध्ये केंब्रिजच्या गॉनव्हिल अँड कीज कॉलेजात गेला. घरच्यांचा बेत साधा होता. मुलाने मेकॅनिकल इंजिनीअर व्हावे आणि परत येऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात काम पाहावे. आपल्याकडे आजही बारावीनंतर घराघरांत हाच वाद होतो, तसा तो भाभांच्या घरीही झाला. मुलाचे मन भौतिकशास्त्रात होते आणि त्याने वडिलांना पत्र लिहून ते कळवले. वडिलांनी तडजोड काढली : इंजिनीअरिंगची परीक्षा पहिल्या वर्गात पास हो, मग गणितासाठी आणखी पैसे देतो. होमी १९३० मध्ये पहिल्या वर्गात इंजिनीअर झाला आणि १९३२ मध्ये गणितातही पहिला वर्ग मिळवला. पहिली अट पाळली नसती तर दुसरे काही घडलेच नसते, हे खरे. पण इंजिनीअरिंगची ती वर्षे वाया गेली असेही म्हणता येत नाही. पुढे ज्या माणसाला अणुभट्टी, इमारती आणि कारखाने उभे करायचे होते, त्याला ते शिक्षण कामाला आले.

केंब्रिजला तेव्हा भौतिकशास्त्राचा हंगाम ऐन भरात होता. पॉल डिरॅक तिथेच शिकवत. डिरॅक यांच्या समीकरणातून एक विचित्र गोष्ट निघत होती : इलेक्ट्रॉनचाच जुळा, वजन तेवढेच, पण विद्युतभार उलटा, असा एक कण असला पाहिजे. १९३२ मध्ये अमेरिकेत कार्ल अँडरसन यांना अवकाशातून येणाऱ्या किरणांच्या फोटोत तो खरोखर दिसला. त्याला पॉझिट्रॉन नाव मिळाले. १९३४ मध्ये पॅरिसला इरेन आणि फ्रेडरिक जोलिओ-क्युरी या जोडप्याने प्रयोगशाळेत असे नवे किरणोत्सारी पदार्थ तयार केले, जे स्वतःहून पॉझिट्रॉन बाहेर टाकतात. आज रुग्णाच्या शिरेत जे औषध टोचतात, त्याची कुळी इथून सुरू होते.

भाभांनी नेमके काय मोजले?

पॉझिट्रॉन आणि इलेक्ट्रॉन समोरासमोर आले तर काय होते, हा प्रश्न भाभांनी घेतला. एक शक्यता सोपी आहे. कॅरमच्या सोंगट्यांप्रमाणे दोघे एकमेकांना ढकलून आपापल्या वाटेने जातील. दुसरी शक्यता अजब आहे. दोघे एकमेकांना संपवतील आणि त्याच ऊर्जेतून पुन्हा एक इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन जोडी जन्माला येईल. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही प्रकारांत दोन कण आत गेले आणि दोन बाहेर आले एवढेच दिसते. ही दुसरी वाट हिशेबात धरली नाही तर उत्तर चुकते, आणि किती चुकते, हे भाभांनी गणिताने दाखवले. निबंध १९३५ मध्ये लिहिला, रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात १९३६ मध्ये छापून आला. त्या टकरीला जगभर ‘भाभा स्कॅटरिंग’ म्हणतात. युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेत इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या टकरींचे मोठे यंत्र चालत होते, तेव्हा त्याची टक्करसंख्या मोजायला हेच सूत्र प्रमाण म्हणून वापरले जाई.

आता हेच मेंदूत पाहा. टोचलेल्या औषधाचा एक रेणू मेंदूच्या पेशीवर जाऊन बसला आहे. त्यातल्या किरणोत्सारी अणूने एक पॉझिट्रॉन सोडला. तो भोवतालच्या इलेक्ट्रॉनांना धडका देत, वेग गमावत थोडे अंतर जातो. कार्बन-११ चा असेल तर सरासरी मिलिमीटरभर, फ्लोरिन-१८ चा असेल तर त्याहून कमी. या प्रत्येक धडकेचा अचूक हिशेब करायचा तर भाभांचेच सूत्र लागते. पेट यंत्रांची रचना करणारे अभियंते संगणकावर पॉझिट्रॉनचा हा प्रवास रेखाटतात, त्या प्रोग्रॅममध्ये भाभांचे नाव आजही लिहिलेले असते. वेग संपत आला की पॉझिट्रॉन एका इलेक्ट्रॉनला गाठतो आणि दोघेही नाहीसे होतात. त्यांच्या जागी दोन गॅमा किरण बरोबर विरुद्ध दिशांना सुटतात. डोक्याभोवतीच्या कड्यातले दोन समोरासमोरचे शोधक जवळजवळ एकाच क्षणी टिपले गेले की यंत्राला कळते, घटना या दोघांना जोडणाऱ्या रेषेवर कुठेतरी घडली. अशा लाखो रेषा एकमेकींवर पडतात आणि त्यातून चित्र उमटते.

एक खुलासा इथेच करतो. भाभांनी पेट स्कॅनचा शोध लावला, असा मेसेज कुणी पाठवला तर पुढे ढकलू नका. ते यंत्र अमेरिकेतल्या संशोधकांनी पुढच्या काही दशकांत घडवले. भाभांच्या डोळ्यांसमोर रुग्ण नव्हता, विश्वकिरण होते. १९३७ मध्ये वॉल्टर हायटलर यांच्याबरोबर त्यांनी विश्वकिरणांच्या सरींचा सिद्धान्त मांडला आणि मोठे नाव मिळवले.

सुट्टी लांबली

१९३९ मध्ये भाभा सुट्टीसाठी भारतात आले आणि महायुद्ध सुरू झाले. परतीचा रस्ता बंद. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांच्या विभागात त्यांना जागा मिळाली. १९४१ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. युद्ध संपल्यावर केंब्रिजला जायचे की इथेच काही उभारायचे, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. मार्च १९४४ मध्ये त्यांनी टाटा न्यासाला एक पत्र लिहिले. मूलभूत संशोधनाची एक चांगली शाळा इथे हवी, म्हणजे पुढे अणुऊर्जेसाठी माणसे परदेशातून मागवावी लागणार नाहीत, असा त्याचा आशय होता. हिरोशिमावर बॉम्ब पडण्याच्या आधीची ही गोष्ट. १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था बंगळुरूला सुरू झाली आणि वर्षअखेर मुंबईत पेडर रोडवरच्या ‘केनिलवर्थ’ बंगल्यात आली.

नंतरचा भाग बहुतेकांना शाळेपासून माहीत आहे, म्हणून भरभर सांगतो. १९४८ ला अणुऊर्जा आयोग आणि त्याचे अध्यक्षपद, १९५४ ला तुर्भे येथील अणुऊर्जा केंद्र आणि त्याच वर्षी वेगळे अणुऊर्जा खाते. १९५५ ला जिनिव्हात अणुऊर्जेच्या शांततामय वापरावरील संयुक्त राष्ट्रांच्या पहिल्या परिषदेचे अध्यक्षपद. तिथे त्यांनी दोन दशकांत अणुसंमीलनातून नियंत्रित ऊर्जा मिळवण्याची रीत सापडेल असे भाकीत केले. ते साफ चुकले, सत्तर वर्षे झाली तरी ती वीज घरात आलेली नाही. ४ ऑगस्ट १९५६ रोजी तुर्भ्याला ‘अप्सरा’ अणुभट्टी सुरू झाली. आशियात, रशिया सोडून, ती पहिली.

या धबडग्यात माणूस मात्र कोरडा झाला नाही. लग्न केले नाही. मलबार हिलवरच्या घरी चित्रे काढली. कुलाब्याच्या संस्थेत भारतीय चित्रकारांची चित्रे विकत घेऊन भिंतीभर लावली, हुसेन यांच्याकडून भित्तिचित्र करवून घेतले. इमारतीच्या आड झाड आले तर ते तोडायचे नाही, मुळासकट उचलून दुसरीकडे लावायचे, असा त्यांचा आग्रह असे. पैशाच्या बाबतीत मात्र त्यांच्या खात्याला पंडित नेहरूंच्या मैत्रीमुळे इतर शास्त्रज्ञांना मिळत नव्हते असे मोकळे रान मिळाले. या मैत्रीवर त्या काळात टीका झाली आणि ती सगळी मत्सरातून आलेली नव्हती.

परळमधली दोन वर्षे : १९६२ आणि १९६३

अप्सरा सुरू झाली ती वीज बनवायला नव्हे. तिचे एक मुख्य काम किरणोत्सारी समस्थानिके तयार करणे हे होते, आणि त्यांचा मोठा गिऱ्हाईक होता दवाखाना. थायरॉइडच्या आजारात किरणोत्सारी आयोडीन, शरीरातल्या निरनिराळ्या अवयवांची तपासणी करायला इतर मूलद्रव्ये. ही परदेशातून मागवायची तर विमानातच त्यांचा दम निघून जाई.

टाटा मेमोरियल रुग्णालय १९५७ मध्ये केंद्राच्या आरोग्य खात्याकडे गेले होते. कर्करोगाच्या उपचारात किरणोत्साराचा वाटा वाढत जाणार, तेव्हा हे रुग्णालय अणुऊर्जा खात्याकडे असावे, असे भाभांचे म्हणणे होते. १९६२ मध्ये तसे झाले. आत्याच्या आठवणीतून जन्मलेले रुग्णालय भाच्याच्या खात्याखाली आले. कर्करोग रुग्णालय अणुऊर्जा खात्याकडे, आरोग्य खात्याकडे नाही, हे परदेशी पाहुण्यांना आजही चमत्कारिक वाटते.

पुढच्याच वर्षी, १९६३ मध्ये, परळमध्येच टाटा मेमोरियलच्या दुसऱ्या इमारतीत रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू झाले. तुर्भ्याच्या केंद्राचा हा दवाखान्यातला हात. तुर्भ्यात समस्थानिक तयार होणार, परळला ते रुग्णाला दिले जाणार. दोन्हींमधले अंतर मोटारीने गाठण्याजोगे. अणुवैद्यक हा विषय भारतात रुजला तो बऱ्याच अंशी इथून. परळचा हा भाग खान्देशातल्या कित्येक घरांना तोंडपाठ आहे. केईएम, वाडिया आणि टाटा एकमेकांना लागून, समोर फुटपाथवर गावाकडून आलेले नातेवाईक, पिशवीत डबा आणि फायलींचा गठ्ठा.

२४ जानेवारी १९६६

व्हिएन्नाला आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची बैठक होती. भाभा मुंबईहून एअर इंडियाच्या ‘कांचनजंगा’ या बोइंग विमानाने निघाले. जिनिव्हाला उतरायच्या आधी मोंब्लां शिखराच्या कड्यावर विमान आदळले. ११७ जण गेले. विमानातले एक दिशादर्शक उपकरण बंद होते. शिखर आपण ओलांडले आहे असा वैमानिकाचा समज झाला आणि जमिनीवरून आलेली दुरुस्ती त्याला नीट कळली नाही, असे चौकशीत निघाले. घातपाताच्या कथा आजही मोबाइलवर फिरतात. चौकशीतून तसे काही पुढे आले नाही. लालबहादूर शास्त्रींना जाऊन अवघे तेरा दिवस झाले होते आणि त्याच दिवशी इंदिरा गांधींचा पंतप्रधानपदाचा शपथविधी होता. भाभा ५६ वर्षांचे होते. वर्षभराने तुर्भ्याच्या केंद्राला त्यांचे नाव दिले गेले.

परळच्या केंद्राला तेव्हा जेमतेम तीन वर्षे झाली होती. पेट स्कॅन असा शब्दही नव्हता.

साखरेचा फोटो

१९७० च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेत सेंट लुईसमध्ये मायकेल तेर-पोगोसियान, मायकेल फेल्प्स आणि सहकाऱ्यांनी आजच्यासारखे पेट यंत्र तयार केले. मेंदूचे खाणे म्हणजे ग्लुकोज. ग्लुकोजच्या रेणूला फ्लोरिन-१८ जोडले तर मेंदूचा कोणता भाग किती साखर ओढतो ते दिसेल, ही कल्पना १९७६ मध्ये माणसावर उतरली. ते औषध न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत बनले आणि विमानाने फिलाडेल्फियाला नेले गेले. ही विमानाची गोष्ट पुढे उपयोगी पडेल.

१९८० च्या सुमारास लॉस एंजेलिसमध्ये फिटच्या रुग्णांवर हे करून पाहिले, तेव्हा एक उलटे वाटणारे सत्य पुढे आले. झटका येत नसताना फिटचे उगमस्थान जास्त साखर खाताना दिसत नाही, कमी खाताना दिसते. चित्रात तिथे काळसर डाग पडतो. एमआरआय स्वच्छ असलेल्या काही रुग्णांतही तो सापडतो. आज आपल्याकडे फिटसाठी पेट स्कॅन लिहून देतात ते बहुतेक हेच.

त्यात एक अडचण आहे. साखरेचा डाग बहुधा उगमस्थानापेक्षा मोठा पडतो. आजूबाजूचा, झटक्याच्या रस्त्यावरचा भागही मंदावलेला असतो. गोळ्यांना दाद न देणाऱ्या रुग्णाला शस्त्रक्रिया करायची तर सर्जनला कुठून कुठवर हे हवे असते. थोडे कमी काढले तर फिट राहतात, जास्त काढले तर बोलणे, आठवण किंवा हाताची ताकद पणाला लागते. अपस्माराच्या साधारण तीन रुग्णांपैकी एकाची फिट गोळ्यांनी पूर्ण थांबत नाही. हा प्रश्न त्यांचा आहे. भारतात अशी शस्त्रक्रिया १९५० च्या दशकापासून होते. वेल्लोरला जेकब चांडी यांनी ती सुरू केली.

कुलूप मोजायचे

मेंदूच्या पेशी एकमेकींना दोन प्रकारचे निरोप देतात : चालू दे आणि थांब. थांबण्याचा मुख्य निरोप ‘गाबा’ नावाचे रसायन नेते. ते ज्या कुलपात बसते त्याला रिसेप्टर म्हणतात. फिट म्हणजे थोड्या वेळासाठी ब्रेक निकामी होणे, असे ढोबळपणे समजा. या गाबा रिसेप्टरवर एक दुसरी फटही असते. तिच्यात बसून ब्रेकचा जोर वाढवणारी औषधे आपल्या ओळखीची आहेत : क्लोबझमची गोळी, डायझेपामचे इंजेक्शन, झटका लांबला तर नाकात मारायचा मिडाझोलामचा फवारा.

फ्लुमाझेनिल नावाचे रसायन त्याच फटीत बसते, पण बसून करत काहीच नाही. संशोधकांना हेच हवे होते. १९८० च्या दशकाच्या मध्यावर त्याला कार्बन-११ जोडून, अगदी नगण्य मात्रेत, माणसाला टोचण्यात आले. रिसेप्टर जिथे जास्त तिथे चित्र उजळ, जिथे कमी तिथे मंद. त्याआधी १९८३ मध्ये बाल्टिमोरच्या हेन्री वॅग्नर यांनी दुसऱ्या एका रिसेप्टरचा, डोपामिनच्या रिसेप्टरचा, पेट फोटो काढून दाखवला होता, आणि त्यात पहिले डोके त्यांनी स्वतःचेच यंत्रात घातले होते.

१९८८ मध्ये स्टॉकहोमच्या इवांका सावित्झ आणि सहकाऱ्यांनी फिटच्या रुग्णांत उगमस्थानी हे रिसेप्टर घटलेले दाखवले. ब्रेकच्या पट्ट्या झिजलेली जागा चित्रात दिसली, असे म्हणा. हा डाग साखरेच्या डागापेक्षा बहुधा लहान आणि उगमाला अधिक जवळचा असतो. पेशी मेल्या म्हणून रिसेप्टर कमी झाले, की उरलेल्या पेशींवरचेही कमी झाले? लंडनच्या एका गटाने नंतर दाखवले की कानशिलामागच्या हिप्पोकॅम्पस भागात घट नुसत्या पेशींच्या मरणाने समजावता येईल त्याहून जास्त असू शकते.

ब्रेक एवढाच धागा नाही. १९८८ मध्येच बाल्टिमोरला अफूसारख्या नैसर्गिक रसायनांचे रिसेप्टर उगमाच्या बाजूला वाढलेले आढळले; कदाचित मेंदूचा झटका रोखण्याचा तो स्वतःचा प्रयत्न असेल. १९९८ मध्ये लंडनला वाचताना झटके येणाऱ्या काही रुग्णांना स्कॅनरमध्ये वाचायला दिले, तेव्हा झटक्याच्या वेळी ही रसायने प्रत्यक्ष सुटत असल्याची खूण मिळाली. वाचनाने फिट येते हे ऐकून घाबरू नका, हा प्रकार फार दुर्मीळ आहे.

जळगावच्या गाडीचे गणित

भारतातले पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉन आणि पेट यंत्र २००२ मध्ये आले, ते परळच्या त्याच रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये. अप्सरा किंवा तिच्यासारखी भट्टी इथे उपयोगाची नव्हती. भट्टीत तयार होणारी समस्थानिके बहुधा इलेक्ट्रॉन सोडतात. पॉझिट्रॉन सोडणारी हवी तर सायक्लोट्रॉनमध्ये प्रोटॉनचा मारा करावा लागतो. फ्लोरिन-१८ साठी विशेष प्रकारच्या पाण्यावर, कार्बन-११ साठी नायट्रोजन वायूवर.

आणि इथे खान्देशचा प्रश्न येतो. फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मा होतो. सकाळी मुंबईत १०० भाग भरून डबा जळगावला निघाला, तर सुमारे सव्वासात तासांत तो चार वेळा निम्मा होऊन ६ भाग उरतात. म्हणजे सुरुवातीला भरपूर घेतले तर नेता येतो. फिलाडेल्फियाला विमानाने नेला तो याच हिशेबाने. म्हणूनच साखरेचे पेट स्कॅन सायक्लोट्रॉन नसलेल्या शहरांतही होऊ शकते. कार्बन-११ मात्र वीस मिनिटांत निम्मा होतो. त्याच सव्वासात तासांत तो एकवीसहून अधिक वेळा निम्मा होईल, म्हणजे वीस लाखांत एक भागही उरणार नाही. सायक्लोट्रॉन ज्या आवारात, स्कॅनर त्याच आवारात हवा. औषध गाडीत बसत नाही, म्हणून रुग्णाला बसावे लागते. शिवाय तिथेही रेणू जोडणारा रसायनतज्ज्ञ काही मिनिटांत काम उरकणारा लागतो. रिसेप्टरचे हे स्कॅन त्यामुळे जगभर मुख्यतः संशोधनाच्या केंद्रांतच राहिले आहे, दवाखान्यातली रोजची तपासणी झालेले नाही.

जे साखरेच्या स्कॅनला जाणार आहेत त्यांच्यासाठी दोन कामाच्या गोष्टी. स्कॅनच्या आधी काही तास उपाशी राहायला सांगतात आणि रक्तातली साखर तपासतात, कारण ती जास्त असेल तर चित्र पुसट येते. मधुमेह असेल तर आधी कळवा. टोचल्यानंतर शांत, मंद उजेडाच्या खोलीत बसवतात. तिथे मोबाइल पाहू नका, मेंदूचा बघणारा भाग उगाच उजळतो. शेवटची फिट कधी आली ते तारीख-वेळेसह सांगा. स्कॅनच्या सुमारास झटका येऊन गेला असेल तर मंद दिसायची जागा उजळ दिसू शकते आणि वाचणाऱ्याची फसगत होते. फिटच्या गोळ्यांची यादी जवळ ठेवा, पण कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. अचानक बंद केलेली गोळी न थांबणारी फिट आणू शकते. रिसेप्टरच्या स्कॅनमध्ये तर ही यादी आणखी महत्त्वाची ठरते, कारण क्लोबझम आणि फ्लुमाझेनिल एकाच फटीसाठी भांडतात. गोळीने जागा आधीच अडवलेली असेल तर रिसेप्टर असूनही चित्रात कमी दिसतील.

कार्बनऐवजी फ्लोरिन-१८ जोडलेले फ्लुमाझेनिल काही प्रयोगशाळांनी तयार करून रुग्णांवर तपासले आहे. त्याचा पॉझिट्रॉन मेंदूत थोडे कमी अंतर जातो, त्यामुळे चित्र किंचित रेखीव येते, आणि ११० मिनिटांच्या हिशेबाने ते डब्यात भरून दुसऱ्या शहरात पाठवता येते.